सांगून सांगून दमले, तरी ऐकत का नाहीत?

धारा काढून झाल्या असतील, डेअरीला दूध घालून झालं असेल, तर जरा बसूया.

आठवतंय का, २०२५ च्या जूनपर्यंत कुणालाही फोन लावला की आधी अमिताभ बच्चन यांचा आवाज यायचा. सायबर गुन्हेगारांपासून सावध राहा, असं सांगणारा. इकडं म्हैस अडलेली, जनावरांच्या डॉक्टरला फोन लावलेला, आणि आधी ती सूचना पुरी ऐकायची. शेवटी लोक वैतागले आणि ती सूचना बंद झाली. त्यानंतर एकदा आमच्या गटाच्या बैठकीत मी विचारलं, “त्यात नेमकं काय सांगत होते गं?” बारा-तेरा जणी होत्या. प्रत्येकीनं ते शेकडो वेळा ऐकलेलं. अमिताभ बोलायचा, एवढं सगळ्यांना आठवत होतं. काय बोलायचा, ते एकीलाही धड सांगता येईना. खरं सांगते, मलाही सगळं आठवलं नाही. आणि माझं तर पोट याच कामावर चालतं.

मी करवीर तालुक्यातल्या एका पतसंस्थेत संगणकाचं काम बघते. कुणाला कोणता आयडी द्यायचा, पासवर्ड विसरला की नवा करून द्यायचा, संध्याकाळी दिवसभराच्या नोंदींची प्रत काढून ठेवायची, असं काम. सुरुवातीची कितीतरी वर्षं मी लोकांना फक्त सूचना देत आले. भिंतीवर कागद लावले, बैठकीत बोलले, कधी आवाज चढवला. लोक ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि पूर्वीसारखंच करायचे. मला वाटायचं, यांना कळत नाही. आज मी तसं म्हणत नाही. का म्हणत नाही, ते सांगायलाच आज आलेय.

आमच्याकडं नियम होता, दर तीस दिवसांनी पासवर्ड बदलायचा. त्यात मोठं अक्षर पाहिजे, आकडा पाहिजे, एखादं चिन्ह पाहिजे, आणि मागचे पाच पासवर्ड पुन्हा चालायचे नाहीत. एक दिवस मी कॅशियर बाईंच्या टेबलाजवळ उभी होते. भिंतीवर कॅलेंडर. आपण घरी दुधाचा हिशोब लिहितो ना तारखेच्या चौकोनात, तसं त्यांनी पहिल्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं पासवर्ड लिहून ठेवलेला. देवाचं नाव, पुढं महिन्याचा आकडा, शेवटी एक चिन्ह. जानेवारीला एक, फेब्रुवारीला दोन. म्हणजे एका महिन्याचा कुणी बघितला की पुढच्या वर्षभराचे कळले! मी जाम बोलले त्यांना. त्या शांतपणे म्हणाल्या, “मॅडम, खिडकीवर पंचवीस माणसं हुबी असत्यात. तिथं पासवर्ड इसरला तर तुम्ही यीस्तोवर लोक मला शिव्या घालत्यात. तुम्ही एकदा हितं बसून बघा.”

मी खरंच बसले. त्या रजेवर असताना दोन दिवस खिडकी सांभाळली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मीही एक कागद शोधत होते.

पुढं वाचनात आलं की हे आपल्याच पतसंस्थेतलं दुखणं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या ॲन ॲडम्स आणि अँजेला सासे या दोघींनी १९९९ मध्ये एक लेख लिहिला. नावाचा अर्थ असा, की वापरणारी माणसं शत्रू नव्हेत. त्यांनी कचेऱ्यांत काम करणाऱ्यांना विचारून पाहिलं, की पासवर्डचे नियम का मोडता? लोक आळशी किंवा बेफिकीर आहेत म्हणून नव्हे, तर नियमच त्यांच्या कामाच्या आड येतात म्हणून मोडतात, असं त्यांना दिसलं. पाच-सहा पासवर्ड, सतत बदलायचे, आणि का बदलायचे ते कुणी सांगितलेलं नाही. मग माणूस लिहून ठेवतो, नाहीतर एकाला जोडून दुसरा करतो. आमच्या कॅशियर बाईंनी जे केलं तेच.

आणखी एक गंमत ऐका. मोठं अक्षर घाला, चिन्ह घाला, ठरावीक दिवसांनी बदला, हे नियम जगभर पसरले त्यात अमेरिकेच्या एका सरकारी संस्थेच्या २००३ च्या पुस्तिकेचा मोठा हात होता. ती लिहिणारे बिल बर निवृत्त झाल्यावर २०१७ मध्ये एका वर्तमानपत्राशी बोलताना म्हणाले, की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी त्या संस्थेनं नियम फिरवले. उगाच ठरावीक मुदतीनं बदलायला लावू नका, पासवर्ड लांब असू द्या, आणि पूर्वी चोरीला गेलेल्या पासवर्डच्या यादीत तो आहे का ते यंत्रानंच तपासावं, असं नव्यानं सांगितलं. म्हणजे चौदा वर्षं जगभरच्या माझ्यासारख्या लोकांनी ज्यासाठी कर्मचाऱ्यांना रागावलं, ते सांगणंच चुकीचं निघालं. कॅशियर बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. “मग तवा बोलला ते?” एवढंच विचारलं.

आता जरा हिशोबाकडं वळूया. मायक्रोसॉफ्ट कंपनीत संशोधन करणाऱ्या कॉर्मॅक हर्ली यांनी २००९ मध्ये उलटाच प्रश्न मांडला. लोक सूचना पाळत नाहीत यात लोकांचं चुकतंय की त्यांचा हिशोब बरोबर आहे? सूचना फुकट नसते, असं त्यांचं म्हणणं. ती पाळायला वेळ जातो, आणि तो वेळ सगळ्यांचा जातो. नुकसान मात्र थोड्यांचंच व्हायचं असतं. फसव्या वेबसाइटपासून वाचायला प्रत्येकानं रोज एक मिनिट जरी पत्ते तपासण्यात घालवलं, तरी त्या वेळाची किंमत त्या फसवणुकीतल्या एकूण नुकसानीच्या शंभर पटीच्या घरात जाते, असा त्यांचा हिशोब होता.

आपल्या भाषेत करून बघूया. समजा, एका गावात फोन वापरणाऱ्या पाचशे बायका आहेत. प्रत्येकीनं रोज पाच मिनिटं आलेला प्रत्येक मेसेज, प्रत्येक लिंक तपासण्यात घालवली. झाली अडीच हजार मिनिटं, म्हणजे एक्केचाळीस तास. आठ तासांचा एक रोजगार धरला तर पाच बायकांची दिवसभराची भांगलण. मजुरी तीनशे रुपये मानू. दिवसाला दीड हजार, वर्षाला साडेपाच लाखाच्या आसपास. त्या गावातल्या बायकांचे वर्षात साडेपाच लाख फसवणुकीत जातात का? जात नसतील, तर “तपासत बसायला वेळ न्हाई” म्हणणारी बाई अडाणी नाही. तिनं मनातल्या मनात हाच हिशोब केलेला असतो.

हा हिशोब मला पटला, पण पुरता पटलेला नाही. तो सरासरीचा आहे. गावाचे पाच लाख म्हणताना जिचे बारा हजार गेले तिच्याकडं बघितलं जात नाही. ते बारा हजार म्हणजे तिचं उसाच्या लावणीचं बियाणं असतं, नाहीतर पोरीची फी. हजार जणींचं एकेक मिनिट आणि एकीचं वर्षभराचं बजेट एका तराजूत घालता येत नाही. तरीपण हर्ली यांच्या मांडणीतनं मी एक गोष्ट घेतली. सूचना देणाऱ्यानं आपली सूचना समोरच्याला कितीला पडते, ते आधी मोजावं. माझ्या भिंतीवर तेव्हा सतरा सूचना लावलेल्या होत्या. कुणाला पाठ होत्या? मलाही नाही.

सूचना न पाळण्याची दुसरी कारणं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहेत. ‘लांडगा आला रे आला’ची गोष्ट आपण पोरांना सांगतोच. संगणकावर नाहीतर फोनवर दहा मिनिटाला एक खिडकी उघडते, अमुक धोकादायक आहे, पुढं जायचं का? आपण ‘हो’ म्हणतो, काही होत नाही. पुन्हा ‘हो’ म्हणतो, पुन्हा काही होत नाही. शंभरदा असं झाल्यावर बोट आपोआप ‘हो’वर जातं. त्यातून ते लिहिलेलं असतं इंग्रजीत. बँकेचा ओटीपी कशासाठी आलाय ते त्या मेसेजमध्येच लिहिलेलं असतं, पण सहा आकडे तेवढे आपल्या ओळखीचे, बाकीचं इंग्रजी. मग वाचणार काय?

शिवाय सगळ्या सूचना असं धरून चालतात, की एका माणसाचा एक फोन, आणि तो फोन त्याच्याच खिशात. आपल्याकडं फोन घराचा असतो. सकाळी सासऱ्यांकडं, दुपारी आपल्याकडं, शाळा सुटली की पोराकडं. आमच्या गटात एक आजी आहेत, पेन्शन खात्यावर येते, आकडे दिसत नाहीत. त्यांचा पिन नातीला माहीत आहे. पिन कुणाला सांगू नका, असं त्यांना सांगायला मी कुठल्या तोंडानं जाऊ? नातीला न सांगता त्यांना पैसेच काढता येणार नाहीत. त्यांच्यापुरता प्रश्न पिन सांगायचा का नाही हा नाही. कुणाला सांगायचा, आणि त्या खात्यात एका वेळी किती ठेवायचे, हा आहे. ती पेन्शन ज्या खात्यात येते त्यातली शिल्लक मुदतठेवीत टाकून खात्यात दोन-तीन हजारच ठेवावेत, हे त्यांना पटलं आणि जमलंही.

आणि आपला स्वभाव. फोनवरचा माणूस ताई, मावशी म्हणतो, अदबीनं बोलतो. अशा माणसाचा फोन मध्येच कट करणं आपल्याला उद्धटपणा वाटतो. दारात आलेल्याला पाणी विचारायची आपली रीत. फसवणारे आपल्या याच रीतीवर तर पोट भरतात.

पण माझ्या मते सगळ्यात मोठं कारण वेगळंच आहे. सूचना एक सांगते आणि व्यवहार दुसरंच करायला लावतो. ओटीपी कुणालाही देऊ नका, हे आपण लहान पोरालाही पाठ करून दिलं. आणि मग? लाडकी बहीण योजना २०२४ च्या जुलैत सुरू झाली, महिन्याला दीड हजार रुपये. २०२५ च्या सप्टेंबरपासून त्यासाठी ई-केवायसी करायला सांगितलं. आपल्या आधारला जोडलेल्या फोनवर ओटीपी येणार, शिवाय नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी लागणार. ज्यांना स्वतःला जमतं त्यांनी घरी केलं. बाकीच्या सेवा केंद्रावर गेल्या. रांगेत उभ्या राहिल्या, नंबर आला की फोन बघून मोठ्यानं आकडे सांगितले, पोरानं टाइप केले. नवरा मुंबईला असेल तर त्याला फोन लावून त्याचे आकडे विचारले. सरकारी कामासाठीच हे केलं. सिलेंडर घेऊन आलेल्या पोरालाही आपण आकडा सांगतोच. आता तीच बाई घरी येते, फोन वाजतो, पलीकडचा म्हणतो, “ताई, तुमचं केवायसी अर्धवट राहिलंय, ओटीपी आलाय तेवढा सांगा.” तिनं कसं ओळखायचं?

ओळखायची एक खूण मी सांगते. या गोंधळात ती तेवढी उपयोगाला येते. काम घेऊन कोण कुणाकडं गेलं? तुम्ही तुमच्या पायानं केंद्रावर गेलात, समोर माणूस बसलाय, उद्या काही झालं तर त्याचं दुकान कुठंय ते माहीत आहे, तर गोष्ट वेगळी. तो तुमच्याकडं आला, म्हणजे फोन त्यानं केला, तर मग तो कुणाचंही नाव सांगो, आकडा द्यायचा नाही. आणि केंद्रावरसुद्धा आकडा सांगायच्या आधी त्या पोरालाच मेसेज वाचून दाखवायला सांगायचं, कशासाठी आलाय म्हणून. बँकेच्या नावानं आलेला असेल तर थांबायचं. खूण पक्की नाही, चोर केंद्रावरही बसलेला असू शकतो. पण सतरा सूचनांपेक्षा ही एक लक्षात राहते.

आता जरा मोठ्या घराकडं. पुण्याची कॉसमॉस बँक, १९०६ सालची, सहकारातली जुनी आणि मोठी. २०१८ चा ऑगस्ट, ११ तारीख, शनिवार. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डं घालून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. देशातनंही अडीच कोटींच्या आसपास निघाले, आणि ज्या शहरांतल्या एटीएमवर हे झालं त्यात आपलं कोल्हापूरही होतं. १३ तारखेला आणखी तेरा कोटी नव्वद लाखाच्या वर रक्कम हाँगकाँगच्या एका खात्यात वळवली गेली. सगळं मिळून ९४ कोटी.

हे झालं कसं? आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा ते यंत्र बँकेच्या मुख्य यंत्रणेला विचारतं, या खात्यात पैसे आहेत का, देऊ का? चोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरून त्या प्रश्नाला उत्तर देणारी खोटी यंत्रणा मध्ये उभी केली. ती प्रत्येक वेळी ‘दे’ म्हणत होती. खऱ्या यंत्रणेपर्यंत प्रश्न पोचतच नव्हता. डेअरीत फॅटचं यंत्र बाजूला सारून कुणी मनानंच आकडा सांगत बसावं, तसं. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयानं या प्रकरणात ११ जणांना शिक्षा सुनावली.

या सगळ्यात कुठल्या खातेदारानं कुणाला ओटीपी सांगितला होता? कुणीच नाही. ज्यांनी सगळ्या सूचना पाळल्या आणि ज्यांनी एकही पाळली नाही, दोघांचीही बँक तीच. म्हणून कुणी नुसतं “ग्राहकांनी सावध राहावं” म्हणून हात झटकायला लागलं, की मला कॉसमॉस आठवते. घरातल्या बाईनं कडी लावली का ते रोज विचारायचं, आणि मागची भिंत पडलेली आहे ते बघायचं नाही, असं चालत नाही.

मग आमच्यासारख्यांनी काय करायचं? आधी मी जे करत होते तेच बहुतेक ठिकाणी करतात. एक कागद आणखी चिकटवायचा, एक प्रशिक्षण घ्यायचं, हजेरीवर सही घ्यायची. उद्या काही झालं तर “आम्ही सांगितलं होतं” म्हणायला मोकळे. काही कंपन्यांत मुद्दाम खोटे मेल पाठवून कोण फसतं ते बघतात आणि फसलेल्याची नावं वर कळवतात. शिकवायसाठी केलं तर ठीक, पण लाज काढायला केलं तर माणूस एकच गोष्ट शिकतो, चूक झाली तर बोलायचं नाही. दुसरी वाट अशी, की चुकीचं पाऊल टाकताच येणार नाही अशी पायवाट करायची.

आमच्याकडं पेनड्राइव्ह लावू नका ही सूचना वर्षानुवर्षं होती. पोरांचे प्रकल्प, नातेवाइकांचे दाखले, सगळं पेनड्राइव्हवरनं येऊन आमच्या प्रिंटरवर छापलं जायचं. शेवटी मी सगळ्या संगणकांची ती खाच बंद केली आणि कोपऱ्यात एक वेगळा संगणक ठेवला, ज्याचा मुख्य हिशोबाशी काही संबंध नाही. छापा तिथं काय छापायचं ते. सूचना भिंतीवरनं काढून टाकली. महिन्याला पासवर्ड बदलायचा नियम काढला आणि चार ओळखीचे शब्द जोडून एक लांब पासवर्ड ठेवायला सांगितलं, ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही असे. ठरावीक रकमेच्या वर एकानं भरायचं आणि दुसऱ्यानं पास करायचं, ते एकाच्या आयडीनं होतच नाही. एक दुखणं मात्र अजून तसंच आहे. सॉफ्टवेअरवाला प्रत्येक आयडीचे वेगळे पैसे घेतो, म्हणून बदलीच्या मुलीला स्वतःचा आयडी नाही. ती दुसरीच्या आयडीनं काम करते. मी डोळेझाक करते. सांगते खरं ते.

बँकांच्या बाबतीतही बघा, फरक पडला तो अशाच गोष्टींनी. २००९ च्या ऑगस्टपासून रिझर्व्ह बँकेनं कार्डानं ऑनलाइन पैसे देताना कार्डाच्या नंबराशिवाय दुसरी खूण सक्तीची केली. १ ऑक्टोबर २०२० पासून नवीन एटीएम कार्ड येतं तेव्हा ऑनलाइन आणि परदेशातला वापर बंदच असतो, पाहिजे तर आपण चालू करायचा. आपल्यातल्या बहुतेकींनी तो कधीच चालू केला नसेल, आणि आपल्याला न कळता आपण तेवढ्या सुरक्षित झालो. फोन-पेवर, गुगल-पेवर कुणीतरी “पैसे मिळवायला पिन टाका” म्हणून मागणी पाठवायचा आणि पिन टाकला की पैसे जायचे. किती वर्षं सांगत होते, की पैसे घ्यायला पिन लागत नाही! १ ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसानं दुसऱ्याकडं अशी मागणी पाठवायची सोयच काढून टाकली. दुकानदार, कंपन्या यांच्या मागण्या येतात, म्हणून ते वाक्य अजून लक्षात असू द्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला ती. आमच्या शेजारच्या गावातल्या एका गटाच्या सचिव. शिकलेल्या, इतिवृत्त सुंदर लिहितात. हप्त्याची रक्कम गोळा झालेली, दुसऱ्या दिवशी बँकेत भरायची म्हणून काही बायकांनी त्यांच्याच खात्यावर पाठवलेली. दुपारी फोन आला, खातं बंद होणार आहे, केवायसी करा, ही लिंक उघडा. सकाळपासून शेतात होत्या, डोक्यात हप्ता. उघडली. अठरा हजार गेले.

त्यांनी ते चार दिवस कुणालाही सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही आणि गटालाही नाही. मागच्याच बैठकीत त्यांनीच सगळ्यांना वाचून दाखवलं होतं, लिंक उघडू नका म्हणून. आता कुठल्या तोंडानं सांगायचं? घरात कळलं तर फोन काढून घेतील, गटात कळलं तर पदावरनं काढतील. पाचव्या दिवशी बँकेतनं हप्ता आला नाही म्हणून विचारणा झाली, तेव्हा रडत रडत सांगितलं. आम्ही १९३० ला फोन लावला तोवर पैसे तीन खात्यांतनं फिरून काढलेले होते. एक रुपया परत आला नाही. सगळ्यांनी वर्षभर थोडे थोडे घालून ती रक्कम फेडली.

त्या दिवशी बैठकीत पहिलं वाक्य काय आलं, सांगू? “तुम्हीच सांगत होता की!” मीही मनात तेच म्हटलं होतं. नंतर घरी जाताना लक्षात आलं, की पैसे लिंकवर गेले, पण परत न येण्याचं कारण ते चार दिवस होते, आणि ते चार दिवस आपल्या या वाक्याच्या भीतीनं गेले.

कारण वेळेचा हिशोब असा आहे. १९३० हा सायबर फसवणुकीचा देशभरचा नंबर. तिथं तक्रार नोंदली की ज्या बँकेत पैसे गेलेत तिला लगेच कळवलं जातं. पैसे तिथंच असले तर अडवून ठेवतात. पुढं गेले असले तर पुढच्या बँकेला कळवतात. चोराला ते काढून घ्यायला जेवढा वेळ लागेल तेवढाच आपल्या हातात असतो, कधी अर्धा तास, कधी काही तास. अडवलेले पैसे परत मिळायला पुढची प्रक्रिया करावी लागते, पण अडलेलेच नसतील तर पुढचं काहीच नाही.

रिझर्व्ह बँकेचा नियमही वेळेवरच आहे. ६ जुलै २०१७ च्या आदेशानं तो आला, आणि सहकारी बँकांसाठी त्याच वर्षीच्या डिसेंबरात. तुमची काही चूक नसताना बाहेरच्या कुणी पैसे काढले आणि तुम्ही बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर नुकसान तुमचं नाही. चार ते सात कामाच्या दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंतच तुमचं. तुम्ही स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे, आपल्यावर नाही. बँकेतला साहेब “तुमचीच चूक” म्हणून हाकलायला लागला तर हे लक्षात असू द्या, आणि अर्ज दिल्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका.

त्या गटानं नंतर ठराव केला. हप्त्याची रक्कम कुणाच्याही स्वतःच्या खात्यावर मागवायची नाही, थेट गटाच्या खात्यातच भरायची, आणि ते खातं अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या सहीशिवाय हलत नाही. फसवणूक झालेल्या बाईला त्या बैठकीत काहीही विचारायचं नाही, आधी फोन लावायचा, बाकीचं पुढच्या बैठकीत. हे शब्दशः इतिवृत्तात लिहिलंय. लिहिलंय त्याच सचिवांनी. पदावरनं त्यांना कुणी काढलं नाही. सीआरपी ताईंनी नाव सुचवलं म्हणून आता चार गटांत त्याच जाऊन सांगतात, आणि सुरुवात स्वतःच्या अठरा हजारांपासून करतात. बायका ऐकतात, मी बघितलंय.

तर वही जवळ असेल तर लिहून घ्या, गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर. १९३०. फोन लावताना जवळ काय पाहिजे तेही. बँकेचं नाव आणि खाते नंबर, किती रुपये गेले, किती वाजता गेले, आणि पैसे गेल्याच्या मेसेजमध्ये बारा आकडी व्यवहाराचा नंबर असतो तो. तो मेसेज घाबरून पुसून टाकू नका. फोन लागला नाही तर पुन्हा लावा, तोवर दुसरीनं बँकेच्या शाखेत जाऊन खातं थांबवायला सांगा, आणि दिवस संपायच्या आत पोलीस ठाण्यात लेखी द्या.